अनाथाचे पालकत्व : शरीअतची मर्यादा, देशाचा कायदा आणि आपली जबाबदारी

‘इस्लाममध्ये दत्तक नाही,’ हे वाक्य आपल्या घरांत लहानथोरांना पाठ आहे. परंतु त्याचा अर्थ दोन चुकीच्या रीतींनी लावला जातो. काहींना वाटते की परक्याचे मूल घरात आणून वाढविणेच शरीअतला मान्य नाही. काहींना वाटते की मूल घरात आले, त्याला माया मिळाली, म्हणजे कर्तव्य संपले. कोर्टकचेरीच्या कागदांशी आपला काय संबंध? पहिल्या समजुतीमुळे अनाथ बालक घराला मुकते. दुसऱ्या समजुतीमुळे ते आधी घरात येते आणि सांभाळणाऱ्याचे डोळे मिटताच घराबाहेर पडते. शरीअतने नेमके काय बंद केले, काय केवळ खुले ठेवले नाही तर पुण्यकर्म ठरविले, आणि आपल्या देशाच्या कायद्यात त्यासाठी कोणती वाट आहे, हे या पाठात क्रमाने पाहू.

एक उदाहरण

विषय नीट समजावा म्हणून मुळशी तालुक्यातील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पू. तीन भाऊ आहेत. आईवडील हयात नाहीत, बहीण नाही. मधल्या भावाची पत्नी आजारपणात वारली आणि दोन वर्षांनी तो स्वतः अपघातात गेला. मागे चार वर्षांची एकुलती एक मुलगी राहिली. थोरल्या भावाला अपत्य नाही. दफनविधी आटोपून परततानाच त्याने मुलीला कडेवर घेतले आणि घरी आणले. त्याच्या पत्नीने तिला पोटच्या मुलीप्रमाणे जवळ केले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वडिलांचे नाव विचारले, तेव्हा थोरल्याने सहज स्वतःचे नाव सांगितले. मुलीच्या मनाला पोरकेपणाची जाणीव नको, एवढाच त्याचा हेतू होता.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण त्याच्या हातून तीन गोष्टी राहून गेल्या. मुलीचा खरा वंश कागदावरून पुसला गेला. वडिलांच्या मालमत्तेतील तिच्या हिश्शाची स्वतंत्र नोंद झाली नाही. आणि तो स्वतः तिचा कायदेशीर पालक झालाच नाही. हिंजवडी, पिरंगुट, पौड या पट्ट्यात आज जागेला जो भाव आला आहे, त्याने सख्ख्या भावांत वितुष्ट आलेले आपण पाहतो. अशा ठिकाणी या तीन उणिवा उद्या त्या मुलीच्याच अंगावर येतात.

कुरआनने काय बंद केले?

या विषयाचा मूळ आधार सूरह अल-अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतीत आहे. तेथे अल्लाहने स्पष्ट केले की ज्यांना तुम्ही तोंडाने पुत्र म्हणता ते त्यामुळे तुमचे पुत्र होत नाहीत. त्यांना त्यांच्या पित्यांच्या नावाने हाक मारा, हेच अल्लाहजवळ अधिक न्याय्य आहे. आणि त्यांचे पिते तुम्हांस ठाऊक नसतील तर ते तुमचे धर्मबंधू व स्नेही आहेत. या शेवटच्या भागाकडे लक्ष द्यावे. ज्याच्या आईवडिलांचा पत्ताच नाही अशा बालकालाही कुरआनने नात्याविना सोडलेले नाही.

या आदेशामागे ह. जैद बिन हारिसा (र.) यांचा प्रसंग आहे. बालपणी ते पळवले जाऊन गुलाम म्हणून विकले गेले आणि अखेर ह. खदीजा (र.) यांच्यामार्फत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी आले. पुढे त्यांचे वडील शोध घेत मक्केत पोहोचले, तेव्हा जैद (र.) यांनी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले. प्रेषितांनी त्यांना पुत्र म्हणून जाहीर केले आणि लोक त्यांना ‘जैद बिन मुहम्मद’ म्हणू लागले. आयती अवतरल्यावर ते पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले. नाव बदलले, पण प्रेम उणावले का? मुळीच नाही. मूता येथील मोहिमेचे सेनापतिपद प्रेषितांनी त्यांनाच दिले, त्यांचे पुत्र ह. उसामा (र.) हेही प्रेषितांचे लाडके राहिले, आणि सहाबांपैकी ज्यांचे नाव कुरआनात आले आहे असे ते एकमेव आहेत. म्हणजे शरीअतने खोटे नाव बंद केले. नाते, माया आणि सांभाळ बंद केला नाही.

काय पुण्यकर्म ठरविले?

सूरह आलि-इम्रानच्या ३७व्या आयतीत ह. जकरिया (अ.) यांनी बालिका मरयम यांचा सांभाळ केला, असा उल्लेख आहे. त्यासाठी वापरलेल्या धातूपासूनच ‘कफालत’ हा शब्द आला आहे. कफालत म्हणजे दुसऱ्याच्या अपत्याचे पोषण, शिक्षण व संरक्षण यांची जबाबदारी घेणे. स्वतः प्रेषित (स.) जन्मापूर्वीच पित्याला आणि सहाव्या वर्षी मातेला मुकले, आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढविले. पुढे अबू तालिब यांच्या ओढगस्तीच्या काळात प्रेषितांनी ह. अली (र.) यांना आपल्या घरी आणून वाढविले. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती निकट असेल, हे प्रेषितांनी दोन बोटे जवळ धरून दाखविल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारानेही २०व्या कलमात दत्तकाबरोबरच इस्लामी कायद्यातील कफालतीची नोंद घेतली आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला.

कफालतीच्या तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा वंशाची. बालकाच्या नावापुढे त्याच्या जन्मदात्याचेच नाव राहील. शाळेच्या नोंदीत पित्याच्या जागी पिता आणि पालकाच्या जागी पालक असावा.

दुसरी मर्यादा वारशाची. सांभाळलेले मूल केवळ सांभाळामुळे वारस होत नाही, आणि जन्मदात्याच्या वारशातील त्याचा हक्कही जात नाही.

तिसरी मर्यादा महरम नात्याची. आपल्या उदाहरणात मुलगी भावाची आहे, म्हणून चुलता तिला महरमच आहे. पण ती पत्नीच्या बहिणीची असती, किंवा मुलीऐवजी पुतण्या असता, तर तो वयात आल्यावर पडद्याचा प्रश्न आला असता. फिकहमध्ये यावर रजाअतचा, म्हणजे दूधनात्याचा मार्ग आहे. दोन वर्षांच्या आतील बाळाला घरातील स्त्रीने दूध पाजले तर हे नाते जुळते. हनफी मतानुसार अल्प प्रमाणही पुरते, शाफई मतानुसार पाच वेळा पोटभर पाजणे आवश्यक आहे. घाटावरील घरे बहुधा हनफी आणि ताम्हिणी घाट उतरून गेल्यावर भेटणारी कोकणी घरे बहुधा शाफई असल्याने हा फरक आपल्याकडे प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. मूल तान्हे असतानाच आलिमांना विचारून घ्यावे. वेळ निघून गेल्यावर हा मार्ग उरत नाही.

देशाच्या कायद्यातील तीन वाटा

पहिली वाट १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याची. ती हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी आहे. मुस्लिमांना लागू नाही. म्हणून तिच्या नमुन्यावर मुद्रांक कागदावर ‘दत्तकपत्र’ लिहून घेतल्याने मुस्लिम कुटुंबाला कोणताही हक्क मिळत नाही. असे कागद करून देणाऱ्यांपासून सावध राहावे.

दुसरी वाट १८९०च्या पालक व पाल्य कायद्याची. ती सर्व धर्मीयांना खुली आहे. पाल्य जेथे सामान्यतः राहतो त्या हद्दीच्या जिल्हा न्यायालयात, किंवा जेथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द असेल तेथे त्या न्यायालयात, अर्ज करावा लागतो. न्यायालय पाल्याचे हित पाहून पालक नेमते आणि कलम १७ प्रमाणे पाल्याला लागू असलेला वैयक्तिक कायदाही विचारात घेते. येथे वंश बदलत नाही, नाव बदलत नाही, वारसाहक्क निर्माण होत नाही. कफालतीच्या अगदी जवळ जाणारी अशी ही व्यवस्था आहे. मात्र पालकत्व पाल्य सज्ञान झाल्यावर संपते, हे लक्षात ठेवावे. तसेच आई किंवा वडील हयात असून अपात्र नसतील, तर कलम १९ न्यायालयाला सहसा दुसरा पालक नेमू देत नाही. म्हणून जिवंत भावाचे किंवा बहिणीचे मूल आणणाऱ्यांनी अर्जापूर्वीच या कलमाविषयी वकिलाचा सल्ला घ्यावा.

तिसरी वाट बालन्याय कायद्याची. २०००च्या कायद्याखाली सुरू झालेली ही सोय २०१५च्या कायद्यात विस्ताराने आली. अनाथ, परित्यक्त व स्वाधीन केलेल्या बालकांना केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पद्धतीने कोणत्याही धर्माचे पात्र दांपत्य दत्तक घेऊ शकते. नात्यातील बालकाचे दत्तकही यात बसते, आणि नातेवाइकांच्या व्याख्येत चुलता येतो. परंतु कलम ६३ प्रमाणे अशा दत्तकानंतर बालक वारशासह सर्व बाबतींत नव्या आईबापांचेच ठरते आणि जन्मकुटुंबाशी त्याचे कायदेशीर नाते तुटते. शरीअतच्या वंश व वारशाच्या नियमांशी ही वाट येथे वेगळी होते.

या वाटेविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाशमी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निर्णय दिला. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही तेथे आपली बाजू मांडली होती. न्यायालयाने सांगितले की हा कायदा सोय उपलब्ध करून देणारा आहे, सक्ती करणारा नाही. ज्याला त्याचा आधार घ्यायचा असेल त्याने घ्यावा, ज्याला वैयक्तिक कायद्याप्रमाणे राहायचे असेल त्याने तसे राहावे. दत्तक घेण्याच्या हक्काला मूलभूत हक्काचा दर्जा देण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. तेव्हा मुस्लिमांवर दत्तक लादले गेले, हेही खरे नाही. आणि मुस्लिमांना कायद्याने दत्तक घेताच येत नाही, हेही खरे नाही. निवड आपल्या हाती आहे, आणि म्हणूनच जबाबदारीही आपलीच आहे. ज्या कुटुंबाने ही तिसरी वाट धरली असेल त्याने आलिम व वकील या दोघांशी बोलून, बालकापासून त्याचा जन्म न लपवता आणि इतर वारसांच्या हक्कांचा विचार करून पुढील व्यवस्था करावी.

उदाहरणाचा हिशेब

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. मृत वडिलांची ४० लाख रुपयांची बिगरशेती मालमत्ता होती असे धरू. एकुलत्या मुलीचा हिस्सा निम्मा, म्हणजे २० लाख. उरलेले २० लाख अवशिष्ट वारस म्हणून दोघा भावांना प्रत्येकी १० लाख. येथे एक नाजूक गोष्ट आहे. मुलीला सांभाळणारा चुलता त्याच मालमत्तेत तिचा सहवारसही आहे. सूरह अन-निसाच्या दुसऱ्या आयतीत अनाथांचे धन आपल्या धनात मिसळून खाण्याविरुद्ध इशारा आहे, आणि दहाव्या आयतीत अन्यायाने ते खाणारे आपल्या पोटात आग भरतात असे सांगितले आहे. तो इशारा नेमका अशा घरांसाठी आहे.

मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मालमत्तेचे पालक पिता, पित्याने वसीयतीने नेमलेला, आजोबा आणि आजोबांनी नेमलेला, एवढेच असतात. चुलता त्यांत नाही. १९१८ साली इमामबंदी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की केवळ प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्याला अज्ञानाची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्याचा अधिकार नाही. उद्या थोरल्याने मुलीच्या शिक्षणासाठी सद्भावनेने जरी तिचा हिस्सा विकला, तरी तो व्यवहार टिकणार नाही. न्यायालयाने पालक नेमल्यावरही कलम २९ प्रमाणे विक्री, गहाण वा देणगी यांसाठी पूर्वपरवानगी लागते, आणि न्यायालय पालकाकडून हिशेब मागू शकते. काहींना हा जाच वाटतो. पण सूरह अन-निसाची सहावी आयत पाहा. अनाथांना समज आल्यावर त्यांचे धन त्यांच्या हवाली करा, सधन पालकाने त्यातून काही घेऊ नये, गरजू पालकाने रास्त तेवढेच घ्यावे, आणि धन सोपविताना साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आदेश आहे. हिशेब व साक्षी हा आपल्याच धर्माचा दंडक आहे.

आता थोरला भाऊ वारला असे समजू. त्याची मालमत्ता ४८ लाखांची आहे. पत्नीला चौथा हिस्सा, १२ लाख. उरलेले ३६ लाख धाकट्या भावाला. चौदा वर्षे मांडीवर वाढलेल्या मुलीला काहीही नाही, कारण मृताचा भाऊ हयात असता पुतणी वारस होत नाही. शरीअतने मुलीवर अन्याय केला का? नाही. तिच्यासाठी शरीअतने दोन दारे उघडी ठेवली होती. थोरल्याने ती हयातीत वापरली नाहीत.

पहिले दार वसीयतीचे. वारस नसलेल्या व्यक्तीसाठी एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. तसे केले असते तर मुलीला १६ लाख मिळून उरलेल्या ३२ लाखांतून पत्नीला ८ व धाकट्याला २४ लाख मिळाले असते. वसीयत दोन विश्वासू साक्षीदारांसमोर लेखी करावी.

दुसरे दार हिबाचे, म्हणजे हयातीतील देणगीचे. हिबाला मर्यादा नाही. पण घोषणा, स्वीकार व ताबा या तिन्ही गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात. अज्ञान बालकाला दिलेल्या हिबाचा ताबा त्याच्या कायदेशीर पालकाकडे जावा लागतो. देणाराच कायदेशीर पालक असेल तर वेगळ्या ताब्याची अडचण राहत नाही. पालकत्वाच्या आदेशाचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. वाटणी होऊ शकेल अशा मालमत्तेतील अविभक्त हिश्शाची हिबा हनफी फिकहनुसार सदोष ठरते, म्हणून आधी वाटणी करून घ्यावी. अखेरच्या आजारात केलेली हिबाही तृतीयांशाच्या मर्यादेत येते, म्हणून ती धडधाकट असताना करावी. मुस्लिमाच्या हिबाला नोंदणीची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात म्हटले आहे. तरी पुढे महसुली नोंदीत वाद नको म्हणून नोंदणी करणे शहाणपणाचे आहे.

एक सूचना. १९३७च्या शरीअत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे, आणि दत्तक व वसीयत हे विषय कलम ३ मध्ये स्वतंत्रपणे हाताळले आहेत. म्हणून शेतीच्या बाबतीत केवळ ऐकीव माहितीवर न जाता वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत.

जे कधीही करू नये

काही ठिकाणी रुग्णालयातून परस्पर बाळ घेतले जाते आणि जन्मनोंदीतच स्वतःला आईबाप म्हणून लिहिले जाते. शरीअतच्या दृष्टीने हे वंशाविषयीचे असत्य आहे. कायद्याच्या दृष्टीने अपराध आहे. विहित पद्धत टाळून अनाथ, परित्यक्त किंवा स्वाधीन केलेले बालक दत्तक देणे-घेणे यासाठी बालन्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैशाच्या मोबदल्यात बालकाची देवघेव झाल्यास कलम ८१ अधिक कठोर आहे. रस्त्यावर, मशिदीच्या दारात किंवा दर्ग्याच्या आवारात बाळ सापडले तर ते परस्पर कोणाच्या ओटीत घालू नये. १०९८ या क्रमांकावर, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला २४ तासांच्या आत कळविणे कायद्याने बंधनकारक आहे.

वकिलांना आणि मोहल्ल्यातील जाणत्यांना

या विषयात कायदा जाणणाऱ्याला फिकह ठाऊक नसते आणि फिकह जाणणाऱ्याला कायदा. मधल्या मध्ये नुकसान बालकाचे होते. आपल्या तरुण वकिलांनी १८९०चा कायदा आणि बालन्याय कायदा, हिबा-वसीयतीचे नियम आणि वारशाचे हिस्से एकत्र अभ्यासावेत. दत्तकाच्या आदेशाचा अधिकार २०२१च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे गेला आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दादही मागितली गेली. अशा बदलांवर नजर ठेवूनच पक्षकाराला सल्ला द्यावा. मशिदीच्या समितीने एखादा आलिम व एखादा वकील यांना एकत्र बसवून महिन्यातून एक दिवस सल्ल्यासाठी ठेवला, तर पौडपासून दूर डोंगरकपारीतील वाडीवरच्या माणसालाही आधार मिळेल. खर्चाची चिंता असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया व बालके उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्यास पात्र आहेत. पुण्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो.

समारोप

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२वी, ही नमाज किंवा रोजाविषयी नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे ती सांगते. चार पैशांच्या कर्जासाठी अल्लाहने एवढी काळजी घ्यायला शिकविले, तर आपल्या उंबऱ्याआड आलेल्या एका जिवासाठी किती घ्यावी? थोरल्या भावाने मुलीला कडेवर घेतले तेव्हा त्याने अर्धे पुण्य जोडले. शाळेच्या नोंदीत तिच्या मृत वडिलांचे नाव पुन्हा लिहवून घेणे, न्यायालयातून पालकत्व मिळविणे, तिचा हिस्सा वेगळा काढणे आणि हिबा वा वसीयत करणे, हे उरलेले अर्धे आहे. अल्लाह आपणा सर्वांना अनाथांच्या हक्कांची राखण करण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य देवो. आमीन.

घरात चर्चा करण्यासाठी

१. ह. जैद (र.) यांचे नाव बदलले तरी नाते का टिकले? आपल्या घरातील मुलांना हे कसे समजावाल?

२. आपल्या घरात किंवा नात्यात सांभाळलेले मूल आहे का? त्याच्या शाळेच्या व इतर कागदांवर पित्याचे व पालकाचे नाव योग्य जागी आहे का?

३. तीन भावांच्या उदाहरणात थोरल्याला एक बहीणही असती, तर हिश्शांत काय फरक पडला असता? आपल्या आलिमांना विचारून हिशेब मांडा.